वॉलमार्ट आणि तिचा जगभरचा पसारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉलमार्टची पाटी लावलेले एकही दुकान महाराष्ट्रात नाही, तरीही या कंपनीविषयीचे प्रश्न मराठी वाचकांना पडत असतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या आईवडिलांनी ते दुकान आतून पाहिलेले असते, किराणा व्यापाऱ्यांच्या कानावर हे नाव २०१२ च्या परकीय गुंतवणुकीच्या वादात पडलेले असते, आणि फ्लिपकार्टवरून मोबाइल मागवणाऱ्याला कधीतरी कळते की त्या कंपनीची मालकीही इथेच येऊन पोहोचते. अशा प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. जेथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे तेथे उत्तर लांबले आहे.

वॉलमार्ट नेमकी केवढी आहे?

किरकोळ विक्रीची प्रत्यक्ष दुकाने चालवणारी ही जगातील सर्वांत मोठी कंपनी आहे. १९ देशांत मिळून तिची सुमारे १०,७५० दुकाने आहेत आणि जवळपास २१ लाख माणसे तिच्याकडे नोकरी करतात, त्यांपैकी १६ लाख एकट्या अमेरिकेत. ३१ जानेवारी २०२५ रोजी संपलेल्या आर्थिक वर्षात तिचा महसूल ६८१ अब्ज डॉलर होता आणि निव्वळ नफा साडेएकोणीस अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे तीन रुपयेसुद्धा नाहीत. आपल्याकडच्या किराणा दुकानदाराला एवढ्या पातळ नफ्यावर महिना काढणे अवघड जाईल. हा धंदा चालतो तो केवळ आकारामुळे.

दुसरा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या ६८१ अब्जांपैकी अमेरिकेबाहेरची विक्री सुमारे १२२ अब्ज डॉलर होती. ‘जागतिक कंपनी’ म्हणून जिचा उल्लेख होतो तिचे ऐंशी टक्क्यांहून अधिक काम आजही मायदेशातच चालते.

तिची सुरुवात कोणी आणि कोठे केली?

संस्थापक सॅम वॉल्टन यांचा जन्म १९१८ साली ओक्लाहोमा राज्यातील किंगफिशर या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, त्यांनी आर्कान्सा राज्यातील न्यूपोर्ट येथे बेन फ्रँकलिन या साखळीचे एक दुकान चालवायला घेतले. दुकान उत्तम चालले, पण जागेच्या भाडेकरारात मुदतवाढीचे कलमच नव्हते. मालकाला जागा आपल्या मुलासाठी हवी होती आणि वॉल्टन यांना चालता धंदा सोडून गाव बदलावे लागले. १९५० साली ते त्याच राज्यातील बेंटनव्हिल या लहान गावी आले. कंपनीचे मुख्यालय आजही तेथेच आहे.

वॉलमार्ट या नावाचे पहिले दुकान २ जुलै १९६२ रोजी शेजारच्या रॉजर्स गावात उघडले, तेव्हा वॉल्टन चव्वेचाळीस वर्षांचे होते. के-मार्ट, टार्गेट आणि वुल्को ही तीन नावेही १९६२ सालीच सुरू झाली, आणि त्या तिघांच्या पाठीशी आधीपासूनच मोठ्या कंपन्या उभ्या होत्या. वॉल्टन यांच्याकडे भांडवल कमी होते, म्हणून त्यांनी मोठ्या शहरांच्या वाटेला न जाता पाच-दहा हजार वस्तीची गावे धरली. मोठ्या साखळ्यांना तेथे जाणे परवडण्यासारखे वाटत नव्हते, त्यामुळे वॉलमार्टला कित्येक वर्षे कोणी मनावर घेतलेच नाही. सॅम वॉल्टन १९९२ साली वारले. त्यांच्या कुटुंबाकडे आजही कंपनीचे सुमारे ४५ टक्के समभाग आहेत.

माल इतका स्वस्त कसा विकला जातो?

याचे सर्वांत सोपे उत्तर वॉल्टन यांच्या न्यूपोर्टच्या दुकानातील एका हिशेबात सापडते. साखळीच्या ठरलेल्या पुरवठादाराकडून स्त्रियांच्या चड्ड्या त्यांना अडीच डॉलर डझन या भावाने मिळत आणि ते त्या एका डॉलरला तीन या भावाने विकत. डझनामागे चार डॉलर गल्ल्यात येत आणि दीड डॉलर सुटे. पुढे न्यूयॉर्कचा एक मध्यस्थ तोच माल दोन डॉलर डझनाने द्यायला तयार झाला. वॉल्टन यांनी भाव तोच ठेवून डझनामागे दोन डॉलर मिळवले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र डॉलरला चार असा भाव लावला. डझनामागचा नफा दीड डॉलरवरून एक डॉलरवर आला, परंतु माल इतका खपला की एकूण कमाई आधीपेक्षा पुष्कळच वाढली. खरेदीत वाचलेला पैसा खिशात न घालता भावात सोडायचा, ही सवय तेथून सुरू झाली.

मात्र एवढ्याने दहा हजार दुकाने उभी राहत नाहीत. खरी करामत मालाच्या वाहतुकीत आहे. वॉलमार्टने आधी मोठे गोदाम बांधायचे आणि मग त्या गोदामापासून ट्रकने दिवसभरात जाऊन येता येईल एवढ्या टापूत एकेक दुकान उघडत जायचे, असा क्रम ठेवला. कारखान्यातून आलेला ट्रक गोदामाच्या एका बाजूच्या दारांशी लागतो, माल उतरताच वर्गवारी होते आणि तो लगेच पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या, वेगवेगळ्या दुकानांकडे निघणाऱ्या ट्रकांत चढतो. गोदाम येथे माल साठवण्याची जागा कमी आणि एसटीच्या स्थानकासारखी गाडी बदलण्याची जागा अधिक असते. ट्रक आणि चालक बहुतांशी कंपनीचे स्वतःचेच असतात.

शिवाय १९८७ सालापर्यंत कंपनीने सर्व दुकाने उपग्रहाद्वारे मुख्यालयाशी जोडली होती. कोणत्या गावी आज टूथपेस्टच्या किती नळ्या खपल्या, हे बेंटनव्हिलमध्ये त्याच दिवशी कळू लागले. इतर साखळ्यांचे व्यवस्थापक तेव्हा फळीवरचा माल मोजून कागदावर मागणी लिहीत होते.

‘रोजच कमी भाव’ आणि सेल यांत फरक काय?

सेलमध्ये काही दिवस भाव उतरतो आणि नंतर पुन्हा चढतो. त्यामुळे गिऱ्हाईक एकदम गर्दी करते, गोदामात कधी तुटवडा तर कधी ढिगारा होतो आणि जाहिरातीवर खर्च होतो तो वेगळाच. भाव वर्षभर एकाच खालच्या पातळीवर ठेवला, तर मागणी सपाट राहते, मालाचा अंदाज बांधता येतो आणि जाहिरातीचा खर्च वाचतो. अमेरिकेत आपल्यासारखी छापील कमाल किंमत नसते, हेही ध्यानात घ्यावे. आपल्याकडे ‘एमआरपीवर दहा टक्के सूट’ म्हटले की स्वस्ताई मोजता येते. तेथे ती शेजारच्या दुकानाशी तुलना करूनच ठरते, आणि म्हणून ‘हे दुकान नेहमीच स्वस्त असते’ ही गिऱ्हाइकाची खात्री हीच कंपनीची मुख्य मिळकत आहे.

या स्वस्ताईचा भार पुरवठादारांवर पडतो का?

बऱ्याच अंशी पडतो, आणि याबाबतीत दोन्ही बाजू समजून घेणे आवश्यक आहे. वॉलमार्टकडे माल लागला की उत्पादकाला एकाच गिऱ्हाइकाकडून अफाट खप मिळतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस वॉलमार्टशी विक्रीची आकडेवारी जोडून घेतली, आपल्या मालाचा साठा स्वतःच सांभाळायला सुरुवात केली आणि त्यात दोघांचाही फायदा झाला. आज शेकडो पुरवठादारांनी केवळ खरेदी अधिकाऱ्यांच्या जवळ राहता यावे म्हणून बेंटनव्हिलच्या परिसरात कार्यालये थाटली आहेत.

दुसरी बाजू एका बरणीत दिसते. व्लासिक ही अमेरिकेतील काकडीच्या लोणच्याची नामांकित कंपनी. वॉलमार्टने तिची एक गॅलनची, म्हणजे पावणेचार लिटरहून थोडी मोठी, बरणी २ डॉलर ९७ सेंटला लावली. साध्या कुटुंबाला ती बरणी संपवणे कठीण होते, पण एवढ्या भावात एवढा माल म्हटल्यावर लोक उचलून नेत. एका बरणीमागे दोन्ही कंपन्यांना जेमतेम सेंट-दोन सेंट सुटत. त्यातच, जे गिऱ्हाईक आधी लहान बाटल्या घेत असे तेही या बरणीकडे वळल्याने व्लासिकच्या फायदेशीर मालाचा खप बसला. भाव वाढवून मागितला तेव्हा तो बराच काळ मिळाला नाही. २००१ साली व्लासिकने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या दिवाळखोरीची कारणे इतरही होती, सगळे खापर या बरणीवर फोडता येणार नाही. तथापि ‘मोठे गिऱ्हाईक’ म्हणजे काय असते, ते या उदाहरणातून नीट कळते.

ओझे शेवटी जाऊन पडते ते दूरच्या कामगारावर. नोव्हेंबर २०१२ मध्ये बांगलादेशातील ताझरीन या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून शंभराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, आणि जळालेल्या मालात वॉलमार्टसाठी शिवलेले कपडे आढळले. आपल्या परवानगीशिवाय पुरवठादाराने तेथे काम दिले, असे कंपनीने सांगितले. पुढच्याच वर्षी बांगलादेशातच, कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळल्यानंतर युरोपातील अनेक कंपन्यांनी कामगार संघटनांसह बंधनकारक करार केला. वॉलमार्टने त्यात न जाता उत्तर अमेरिकेतील कंपन्यांची स्वतंत्र योजना उभारली. तीत कामगार संघटनांना बरोबरीचे स्थान नव्हते, आणि तिच्यावर टीका झाली ती रास्तच होती, असे वाटते.

कर्मचाऱ्यांना पगार कमी मिळतो, हे खरे का?

अनेक वर्षे खरे होते. टीका वाढल्यावर आणि माणसे टिकेनाशी झाल्यावर अमेरिकेतील सुरुवातीचे वेतन २०१५ साली ताशी ९ डॉलर, २०१८ साली ११ डॉलर आणि २०२३ साली १४ डॉलर करण्यात आले. केंद्रीय किमान वेतन या सर्व काळात ७.२५ डॉलरवरच होते, हेही नमूद केले पाहिजे.

कामगार संघटनांबाबत मात्र कंपनीचे धोरण फारसे बदललेले नाही. २००० साली टेक्सासमधील जॅक्सनव्हिलच्या दुकानात मांस कापणाऱ्या कामगारांनी संघटनेच्या बाजूने मतदान केले. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने दुकानात मांस कापणे बंद करून बाहेरून पाकीटबंद मांस आणण्याचे जाहीर केले. कॅनडातील झाँकिएर येथे दुकानातील कर्मचाऱ्यांची संघटना मान्यताप्राप्त झाली आणि २००५ साली ते दुकानच बंद झाले. नऊ वर्षांनी, २०१४ साली, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर दुकान उरले नव्हते.

न्यूयॉर्क शहरात वॉलमार्टचे दुकान का नाही?

स्थानिक व्यापारी, कामगार संघटना आणि नगरसेवक यांचा विरोध हे त्याचे कारण आहे. कंपनीने अनेकदा प्रयत्न केले, पण शहराच्या हद्दीत तिचे एकही दुकान उभे राहू शकले नाही. लहान गावांत असा विरोध क्वचितच टिकला. गावाबाहेर विस्तीर्ण वाहनतळासह दुकान उभे राहिले की गावातील जुन्या बाजाररस्त्यावरचे लोखंडी सामानाचे, कपड्यांचे आणि औषधांचे दुकान हळूहळू बंद होते, हा अनुभव अमेरिकेच्या ग्रामीण भागात इतका सर्वत्र आहे की त्याविषयी वाद उरलेला नाही. वाद आहे तो एवढाच, की स्वस्त मालामुळे त्याच गावातील गरीब कुटुंबाचे जे पैसे वाचले त्याने हे नुकसान भरून निघाले का.

परदेशात ती केव्हा गेली आणि कोठे स्थिरावली?

पहिले पाऊल १९९१ साली मेक्सिकोत पडले, तेही एकट्याने नव्हे. सिफ्रा ही तेथील जाणकार कंपनी भागीदार होती, आणि पुढे वॉलमार्टने तीच विकत घेतली. आज दुकानांच्या संख्येने पाहिले तर अमेरिकेबाहेर मेक्सिकोच सर्वांत मोठा आहे, आणि तेथील बहुतेक दुकानांवर ‘बोदेगा आउरेरा’ ही जुनी स्थानिक पाटीच आहे. कित्येक मेक्सिकन गिऱ्हाइकांच्या लेखी ते त्यांचेच दुकान आहे.

कॅनडात १९९४ साली वुल्कोची १२२ दुकाने एकदम विकत घेऊन प्रवेश झाला. १९६२ साली बरोबरीने सुरू झालेल्या प्रतिस्पर्ध्याची पाटी अशी उतरली. पुढे मध्य अमेरिकेतील देश, २००९ साली चिली आणि २०११ साली मासमार्ट या कंपनीद्वारे दक्षिण आफ्रिका असा विस्तार होत गेला. या यादीत एक समान धागा आहे. जेथे आधीपासून चालणारी साखळी हाती आली, तिच्या लोकांना ठेवून घेतले गेले आणि मागून फक्त गोदामे व खरेदीची पद्धत बदलली गेली, तेथे वॉलमार्टचा जम बसला.

जर्मनीत एवढी मोठी कंपनी अपयशी का ठरली?

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत हे उदाहरण इतक्यांदा येते की त्याभोवती दंतकथाही जमल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगणे योग्य होईल.

कंपनीने १९९७ साली वेर्टकाउफ या साखळीची २१ आणि १९९८ साली इंटरस्पारची ७४ दुकाने विकत घेतली. पहिली साखळी चांगली होती, दुसरी रखडलेली होती, आणि दोन्हींची मुख्यालये, माणसे व पद्धती वेगवेगळ्या होत्या. त्यांची मोट बांधण्यासाठी अमेरिकेहून जो प्रमुख आला त्याला जर्मन भाषा येत नव्हती, आणि कारभाराची भाषा इंग्रजी झाली. अनुभवी जर्मन व्यवस्थापक सोडून गेले.

दुकानात गिऱ्हाइकाचे हसून स्वागत करणारा माणूस दारात उभा करणे, बिल झाल्यावर दुसऱ्याने माल पिशवीत भरून देणे, या अमेरिकन प्रथा तेथे नेल्या गेल्या. अनोळखी माणूस कारण नसताना हसतो आहे, याचे जर्मन गिऱ्हाइकाला कौतुक वाटले नाही. स्वतःची पिशवी स्वतः भरणाऱ्याला परक्याचा हात आपल्या भाज्यांत नको होता. या गोष्टी सांगायला गमतीच्या आहेत, आणि म्हणूनच त्या जास्त सांगितल्या जातात.

खरी अडचण आल्डी आणि लिडल या स्वस्त दुकानांच्या जर्मन साखळ्यांची होती. स्वस्त विकण्याचा खेळ जर्मनीत आधीच या दोघांनी परिपूर्ण केलेला होता. थोड्याच वस्तू, बहुतेक स्वतःच्या नावाच्या, खोक्यातूनच विक्री आणि घराजवळचे लहान दुकान, यांच्यापुढे गावाबाहेरच्या अवाढव्य दुकानाला भावात पुढे जाणे जमले नाही. गोदामाभोवती दुकानांचे जाळे विणण्याची जी मूळ युक्ती, तिला लागते तेवढी दुकानांची संख्या आणि घनता जर्मनीत कधीच झाली नाही. शिवाय कायदा आड आला. दूध, साखर, मार्गारिन अशा वस्तू खरेदीभावापेक्षा कमी दराने विकणे थांबवावे, असा आदेश तेथील स्पर्धा नियामकाने २००० साली वॉलमार्टला दिला, आणि तो आल्डी व लिडललाही लागू होता. दुकाने किती वाजता बंद करायची, हेही कायद्याने ठरलेले होते. कर्मचाऱ्यांच्या आपसांतील प्रेमसंबंधांवर निर्बंध घालणारी आचारसंहिता कंपनीने लागू केली, तर २००५ साली न्यायालयाने तो भाग बेकायदा ठरवला.

२००६ साली उरलेली ८५ दुकाने मेट्रो या जर्मन कंपनीला विकून वॉलमार्ट बाहेर पडली. तोटा सुमारे एक अब्ज डॉलर नोंदवण्यात आला.

आणखी कोणत्या देशांतून तिने माघार घेतली?

दक्षिण कोरियातील १६ दुकाने त्याच वर्षी शिनसेगे या स्थानिक कंपनीला विकली गेली. ताज्या मासळी-भाजीच्या बाजारासारखी मांडणी हवी असलेल्या गिऱ्हाइकाला तेथे छताला भिडणाऱ्या फळ्या दाखवल्या गेल्या होत्या. अर्जेंटिना २०२० साली सुटले, ब्राझीलमधील ८० टक्के हिस्सा २०१८ साली विकला गेला, तर जपानमधील सेयू या साखळीचा बहुतांश हिस्सा २०२१ साली दुसऱ्यांकडे गेला. ब्रिटनची गोष्ट जराशी वेगळी आहे. तेथे १९९९ साली ६.७ अब्ज पौंडांना घेतलेली आस्डा ही साखळी वाईट चालत नव्हती. पण सेन्सबरी या तेथील प्रतिस्पर्धी साखळीशी तिचे विलीनीकरण करण्याचा बेत नियामकाने २०१९ साली हाणून पाडला, आणि २०२१ साली बहुसंख्य हिस्सा विकण्यात आला.

चीनमध्ये काय चालले आहे?

१९९६ साली शेन्झेनमध्ये पहिले दुकान उघडले आणि कंपनीने येथे बरेच ऐकून घेतले. जिवंत मासे टाक्यांत ठेवले, गिऱ्हाइकाला ते स्वतः निवडता येऊ लागले, आणि अमेरिकेत जिला दारात उभे केले जात नाही त्या कामगार संघटनेला २००६ साली येथे मान्यता द्यावी लागली, कारण सरकारचाच तसा आग्रह होता. सध्या मोठी सर्वसाधारण दुकाने कमी होत असून, वार्षिक वर्गणी भरून सभासद होणाऱ्यांसाठीची सॅम्स क्लब ही दुकाने जोरात आहेत. त्यांचे गिऱ्हाईक शहरी मध्यमवर्गीय आहे, आणि तो तेथे केवळ स्वस्त म्हणून जात नाही.

लाच दिल्याचे प्रकरण काय होते?

मेक्सिकोत दुकानांचे परवाने झटपट मिळावेत म्हणून तेथील शाखेने लाच दिली आणि मुख्यालयातील वरिष्ठांनी चौकशी दाबली, असे वृत्त न्यूयॉर्क टाइम्सने एप्रिल २०१२ मध्ये दिले. तेओतिवाकान येथील प्राचीन पिरॅमिडांजवळ उभ्या राहिलेल्या दुकानाचे प्रकरण त्यात विशेष गाजले. २०१९ साली अमेरिकी सरकारशी तडजोड करून कंपनीने सुमारे २८.२ कोटी डॉलर भरले. या तडजोडीत मेक्सिको, ब्राझील आणि चीनबरोबर भारतातील व्यवहारांचाही समावेश होता.

भारतात वॉलमार्टचे दुकान का नाही?

कायद्यामुळे. अनेक कंपन्यांचा माल एका छताखाली थेट ग्राहकाला विकणाऱ्या दुकानात परकीय गुंतवणूक दीर्घकाळ बंद होती. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने ५१ टक्क्यांपर्यंत परवानगी दिली, परंतु अटींसह. दुकाने मुख्यतः दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत असावीत, किमान दहा कोटी डॉलर गुंतवावेत, ३० टक्के माल लहान उद्योगांकडून घ्यावा आणि राज्य सरकारची संमती असावी. महाराष्ट्राने तेव्हा संमती दिली होती, तर अनेक राज्यांनी नाकारली. या मार्गाने टेस्को ही ब्रिटिश कंपनी टाटांच्या ट्रेंटबरोबर स्टार बाजारमध्ये भागीदार झाली. वॉलमार्ट त्या वाटेने आली नाही.

ती आली घाऊक विक्रीच्या दाराने, जेथे शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा होती. भारती समूहाबरोबर भागीदारी करून ‘बेस्ट प्राइस’ या नावाचे पहिले घाऊक दुकान २००९ साली अमृतसरमध्ये उघडले. तेथे प्रवेश सभासदांनाच होता, आणि सभासद म्हणजे किराणा दुकानदार, हॉटेलमालक, कॅन्टीन चालवणारे असे परवानाधारक व्यावसायिक. महाराष्ट्रात अमरावती आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे ही दुकाने झाली. भारतीशी फारकत २०१३ साली झाली, आणि २०२० साली हा घाऊक व्यवसाय फ्लिपकार्टकडे सोपवण्यात आला. ज्या किराणा दुकानदाराला वॉलमार्ट गिळून टाकील अशी भीती २०१२ साली व्यक्त होत होती, त्यालाच माल विकण्यापासून तिने भारतात सुरुवात केली, हे येथे सांगितले पाहिजे.

फ्लिपकार्ट आणि फोनपे वॉलमार्टचे आहेत का?

बहुसंख्य मालकी वॉलमार्टची आहे. बेंगळुरूत २००७ साली सुरू झालेल्या फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा तिने २०१८ साली १६ अब्ज डॉलरला घेतला. त्याबरोबर मिंत्रा आली आणि फोनपेही आले. फोनपे २०२२ साली फ्लिपकार्टपासून वेगळे झाले, पण त्याची मोठी भागधारक वॉलमार्टच राहिली. वाण्याच्या गल्ल्याशेजारी ठेवलेला, पैसे जमा झाल्याची वर्दी देणारा फोनपेचा लहानसा डबा हाही या जागतिक पसाऱ्याचाच एक टोकाचा भाग आहे.

येथेही कायद्याची एक मर्यादा आहे. परकीय मालकीच्या संकेतस्थळाला स्वतःचा माल साठवून ग्राहकाला विकता येत नाही. त्याने विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून द्यायची असते, आणि फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम अधिक कडक झाले. म्हणून फ्लिपकार्टवरून आलेल्या वस्तूच्या बिलावर विक्रेता म्हणून वेगळेच नाव असते. तक्रार करण्याची वेळ आली तर ते नाव पाहून ठेवलेले उपयोगी पडते.

डी-मार्ट ही वॉलमार्टची कंपनी आहे का?

नाही. नावातील साम्यामुळे हा प्रश्न सतत येतो. डी-मार्ट ही राधाकिशन दमाणी यांनी स्थापन केलेली ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स या भारतीय कंपनीची साखळी असून तिचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला सुरू झाले. वॉलमार्टशी तिचा मालकीचा काहीही संबंध नाही. पद्धत मात्र निश्चितच त्याच घराण्यातील आहे: रोजच कमी भाव, वेगाने खपणारा माल, पुरवठादाराला लवकर पैसे देऊन भाव उतरवून घेणे, आणि एका भागात जम बसल्याशिवाय पुढच्या भागात न जाणे. बहुतेक दुकानांच्या जागा मालकीच्याच ठेवण्याचा तिचा आग्रह ज्यांना विचित्र वाटतो, त्यांनी न्यूपोर्टचा तो भाडेकरार आठवावा.

अमेरिकेत पहिल्यांदाच तेथे खरेदीला जाताना काय लक्षात ठेवावे?

फळीवर लिहिलेली किंमत करासह नसते. आपल्याकडे छापील किमतीत सर्व कर आलेले असतात, त्यामुळे आठ डॉलर मोजून हातात ठेवलेल्या माणसाला गल्ल्यावर साडेआठ ऐकून आपण चुकलो की काय असे वाटते. विक्रीकर प्रत्येक राज्याचा आणि अनेकदा गावाचाही वेगळा असतो, आणि काही राज्यांत खाद्यपदार्थांवर तो अजिबात नसतो.

दुसरे म्हणजे, किमतीच्या चिठ्ठीवर मोठ्या आकड्याशेजारी बारीक आकड्यांत दर औंसाला किंवा दर पौंडाला किती पडते तेही लिहिलेले असते. चष्मा लावून ते वाचावे. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असे नाही, आणि ‘ग्रेट व्हॅल्यू’ हे कंपनीच्या स्वतःच्या नावाचे पाकीट शेजारच्या प्रसिद्ध नावापेक्षा किती कमी आहे ते तेथेच उघड होते. बहुतेक वस्तू नव्वद दिवसांच्या आत परत करता येतात, पण मोबाइल, संगणक अशा काही वस्तूंना ही मुदत बरीच कमी असते, म्हणून बिल जपून ठेवावे. बाहेर पडताना दाराशी उभा असलेला कर्मचारी कधी कधी ते पाहायला मागतो. तो सर्वांनाच मागतो, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.